दोनच्या पावलांनी पन्नासपर्यंत

आमच्या मंडल ऑफिसात, म्हणजे तहसील कचेरीत, खिडकीजवळची एक खुर्ची रिकामी होती आणि ती चार वर्षं रोज सकाळी मी पुसत होते. बसणारं कुणी नव्हतं. आधीचे बाबू बदली होऊन गेले ते गेले, त्यांच्या टेबलावर जुन्या पहाण्यांचे, म्हणजे पीक-उताऱ्यांचे, गठ्ठे येऊन बसले. पण खुर्चीवर मी एक कागद ठेवू दिला नाही. कुणी ठेवलाच तर उचलून त्याच्याच टेबलावर नेऊन द्यायची, तोंडावर असा भाव ठेवून की जणू साहेबांचाच हुकूम आहे.

माझी जागा दाराजवळच्या स्टुलावर. मी अटेंडर. घंटी वाजली की उठायचं, फाइल न्यायची, पाणी द्यायचं, आणि आलेल्या माणसाला साहेब जेवायला गेलेत की मोजणीवर गेलेत ते चेहरा न हलवता सांगायचं. हे शेवटचं काम मला फार छान जमतं. आमच्या वस्तीत जयंतीला नाटक होतं, त्यात मिशी लावून अंमलदार व्हायचा मान वीस वर्षं माझ्याकडे आहे. एकदा एक नवीन साहेब नाटक पाहायला आले होते. दुसऱ्या दिवशी मी पाण्याचा ग्लास घेऊन आत गेले तर ते अर्धे उठले.

तर खुर्ची. नियम असा की दहावीवर स्टूल आणि बारावीवर खुर्ची. माझी दहावी नार्नूरच्या मराठी शाळेतली; राज्य तेलुगू, आमची वस्ती मराठी. पुढे लग्न, मुलं, नोकरी. त्रेचाळिसाव्या वर्षी मी बाहेरून बारावीचा फॉर्म भरायला गेले. फॉर्म भरून घेणाऱ्या माणसानं माझे विषय वाचले आणि पेन थांबवलं.

"गणित काऊन घेता बाई? गृहविज्ञान घ्या. बाया तेच घेतात."

"गृहविज्ञान मी पंचवीस वर्षं करून राह्यले," मी म्हटलं. "त्याचं सर्टिफिकेट माह्या नवऱ्याच्या पोटावर दिसते."

नवरा शेजारीच उभा होता. प्राथमिक शाळेत शिक्षक आहे, सहनशील आहे. त्यानं शर्ट नीट केला.

खरं कारण वेगळं होतं. दहावीत मी गणितात काठावर सुटले होते आणि तेव्हाच्या गुरुजींनी माझा पेपर परत देताना वर्गाला सांगितलं होतं की ही पोरगी गणितातून सुटली, आता गणित हिच्यातून सुटलं. वर्ग हसला, मीही हसले, मला तेव्हा ते वाक्य आवडलंसुद्धा. पण ते तीस वर्षं माझ्या पाठीत काट्यासारखं बसलं. म्हणून गणित.

बाकीचे सगळे विषय पहिल्या फेरीत निघाले. गणित दोनदा राहिलं. पस्तीस लागतात; एकदा एकोणतीस आले, एकदा बत्तीस. दुसऱ्या निकालानंतर मोठ्या बाबूंनी मला बोलावलं. माणूस भला, पण आवाज नेहमी शोकसभेचा.

"बाई, खुर्चीची फाइल मी या वेळच्या निकालापर्यंत थांबवू शकतो. त्याच्यापुढं नाई. मंग वरून माणूस येईन."

"येऊ द्या," मी म्हटलं. "आल्यावर त्याले सांगा, खुर्ची पुसलेली हाय."

बाहेर येऊन स्टुलावर बसले. अंमलदाराची मिशी असती तर बरं झालं असतं, तिच्याआड थोडं लपता येतं.

आता पस्तीस आणि बत्तीसमधले ते तीन गुण कुठे गेले, ते सांगते. एक चार गुणांचा प्रश्न होता, दोन्ही वेळा आला, दोन्ही वेळा मी तो मोठ्या थाटात चुकवला. लॉगचा पाया बदलायचा प्रश्न.

ज्यांनी लॉग कधी पाहिला नाही त्यांनी घाबरू नये, मीसुद्धा त्रेचाळीस वर्षं पाहिला नव्हता. एखादा आकडा स्वतःशीच गुणत गेलं की पायऱ्या चढल्यासारखं होतं. दहाची एक पायरी दहा, दोन पायऱ्या शंभर. दोनची एक पायरी दोन, दुसरी चार, तिसरी आठ. लॉग म्हणजे अमुक आकड्यापर्यंत पोचायला किती पायऱ्या लागतात ते. आणि ज्याच्या पायऱ्या चढायच्या तो आकडा म्हणजे पाया. आमच्या मराठी शाळेच्या भाषेत लघुगणक, तेलुगूत संवर्गमानम. नाव काही ठेवा, परीक्षेत लॉगचं छापील टेबल देतात आणि त्यात फक्त दहाच्या पायऱ्या असतात. प्रश्न मात्र विचारतात दोनच्या.

माझा प्रश्न असा होता: एक जंतू तासाला दुप्पट होतो, तो पन्नासपट व्हायला किती तास? म्हणजे दोनच्या किती पायऱ्या चढलं की पन्नास. टेबलात दोनच्या पायऱ्या नाहीत. मग पन्नासचा दहाचा लॉग वर लिहायचा, दोनचा दहाचा लॉग खाली लिहायचा आणि भाग द्यायचा. इतकंच. वरची ओळ मी दोन्ही वेळा बरोबर लिहिली होती. अगदी मोत्यासारख्या अक्षरात.

पण पुढे काय झालं, तर मेहनत आडवी आली. दर रविवारी उटनूरला आमचा वर्ग भरायचा, वर्गात मी सगळ्यांत मोठी. शिकवणाऱ्या मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या, घरची भाषा तेलुगू, माझ्याशी हिंदीत बोलायच्या आणि मला अक्का म्हणायच्या. त्यांनी पहिल्याच रविवारी टेबल वापरायला शिकवलं होतं: मोठमोठे आकडे गुणायचे तर त्यांचे लॉग घ्या आणि बेरीज करा, भागायचे तर लॉग घ्या आणि वजाबाकी करा. मी ते मराठीत घोकलं. भागाकार दिसला की वजाबाकी, गुणाकार दिसला की बेरीज. झाडू मारताना, फाइली बांधताना, अंबाडीची भाजी निवडताना. अंमलदाराच्या आवाजात म्हटलं की जास्त चांगलं पाठ होई. ऑफिसातले सगळे वैतागले. पण ते वाक्य माझ्या हातात असं उतरलं की मधे आडवी रेघ दिसली की हात आपोआप वजाबाकी करू लागे.

म्हणून पन्नासचा लॉग १.६९९०, दोनचा ०.३०१०, मधे रेघ, आणि माझा हात खाली उतरला: १.३९८०. संपलं.

तिसऱ्या फेरीच्या तयारीत मॅडमनी हे एकदाचं पकडलं. माझी वही हातात घेऊन त्यांनी १.३९८० वर बोट ठेवलं.

"अक्का, एक घंटे में दुगना होता है ना?"

"हां."

"तो डेढ़ घंटे के अंदर पचास गुना कैसे हो गया?"

"टेबल में देखो," मी म्हटलं. माझ्या आवाजात खात्री किती होती म्हणता, त्यांनी खरंच टेबल उघडलं. मी पुढे होऊन १.३९८० वरून उलटं शोधलंसुद्धा, तर पंचवीस आले. त्यांनी त्या पंचवीसभोवती लाल गोल काढला आणि सांगितलं की भागाकाराचा लॉग वेगळा आणि लॉगांचा भागाकार वेगळा. इथे लॉग आधीच घेऊन झालेत, आता साधा भाग द्यायचा, शाळेत देतात तसा. मी मान हलवली. पूर्ण समजल्याची मान हलवणं ही माझी दुसरी कला. घरी येऊन तसलाच प्रश्न सोडवला आणि वजाबाकी केली. पुन्हा सोडवला, पुन्हा केली. नवरा म्हणाला, "तुले समजलं हाय, हाताले नाई समजलं." मी त्याला म्हटलं, मग हातालाच शिकवा. तो वही तपासायला निघून गेला.

परीक्षा नऊ दिवसांवर होती तेव्हा आमचे सर्वेअर साहेब मला मोजणीला घेऊन गेले. साखळी धरणाऱ्या माणसाची जागा आमच्याकडे रिकामीच असते, म्हणून साखळीचं दुसरं टोक अधूनमधून माझ्या हातात येतं. सर्वेअर साहेब मूळचे भैंसा गावचे, किराणा दुकानदाराच्या घरातले, निवृत्तीला आलेले. आता मोजणीला उपग्रहाशी बोलणारं यंत्र आहे, तेही ते नेतात, पण यंत्रावर त्यांचा भरवसा नाही. त्यांची एक जुनी रीत आहे. शेतात पोचल्याबरोबर तेहतीस फुटांची साखळी सरळ अंथरायची आणि आलेल्या प्रत्येकानं तिच्या कडेनं आपल्या नेहमीच्या चालीनं चालायचं. कुणाचं पाऊल किती फुटांचं ते त्यांच्या वहीच्या पुठ्ठ्यावर लिहिलं जातं. यंत्र बंद पडलं, साखळी अडली, तर माणसाच्या पावलावर काम भागतं. माझं पाऊल बरोबर दोन फुटांचं. तिथे असं लिहिलेलं आहे: बाई, दोन. त्यांच्या स्वतःच्या नावापुढे पावणेतीन आहेत आणि त्याचा त्यांना अभिमान आहे.

नार्नूरपासून थोडं आत, एका शेताच्या कडेचा बांध मोजायचा होता. आमच्याकडे त्याला धुरा म्हणतात. धुऱ्याच्या त्या टोकाला मोहाचं झाड. साखळीनं मोजून झालं: बरोबर सहा साखळ्या, एकशे अठ्ठ्याण्णव फूट. वेचणी सुरू होती, काटेरी कुंपणाला कापूस अडकला होता. साहेब धुऱ्यावर बसले, डब्यातली भाकरी काढली आणि मला चिडवायला सुरुवात केली.

"काय मग, बारावीवाल्या बाई. इथून त्या मोहापर्यंत तुमची पावलं किती होतीन? चालाचं नाई. इथं बसून सांगा."

सोपं होतं. एकशे अठ्ठ्याण्णव फूट, दोन फुटांचं पाऊल, भाग द्यायचा. मी काडी घेतली, मातीत एकशे अठ्ठ्याण्णव लिहिलं, मधे रेघ मारली, खाली दोन लिहिले. आणि तोंडातून निघालं:

"एकशे शहाण्णव."

साहेबांचा घास हातातच राहिला.

"काऊन?"

"भागाकार दिसला की वजाबाकी," मी म्हटलं. म्हटलं आणि माझं मलाच ऐकू आलं.

ते लगेच हसले नाहीत. आधी त्यांनी मोहाकडे पाहिलं, मग मातीतल्या आकड्याकडे.

"बाई, एकशे शहाण्णव फूट म्हणजे काय झालं मालूम हाय का? तुमी इथून निघाल्या, झाडाजोळ गेल्या, अन् एक पाऊल मागं सरकल्या. मी तुमाले पावलं किती ते इचारलं. झाडाले भ्या म्हणून नाई सांगतलं."

आणि मग हसले. खोकला येईपर्यंत हसले. मी त्यांना पाणी दिलं, तो माझा धर्मच आहे, पण माझं लक्ष मातीत होतं. एक पाऊल मागं. मी वजाबाकी केली की झाडापासून एक पाऊल मागं येते. आणि मॅडमनी ज्याच्याभोवती लाल गोल काढला ते काय होतं? पंचवीस. पन्नासच्या एक दुप्पट मागं.

मी काडीनं पुन्हा लिहिलं. धुरा म्हणजे पन्नासपर्यंतचा रस्ता. दहाच्या साखळीनं मोजला तर १.६९९० साखळ्या. माझं पाऊल म्हणजे दोन, तेही त्याच साखळीवर मोजलेलं, ०.३०१०. पुठ्ठ्यावर लिहिल्यासारखं: बाई, ०.३०१०. आता विचारायचं इतकंच की या रस्त्यात अशी पावलं किती बसतात. साखळी बदलली म्हणून झाड हलत नाही. सर्वेअर साहेब आपल्या पावणेतीन फुटांनी गेले तरी त्याच झाडापाशी येतील, फक्त पावलं कमी लागतील आणि ऐट जास्त होईल.

मातीत भाग दिला. पाच पूर्णांक चौसष्ट. मग बोटांवर दुप्पट करत गेले: दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट. पाच पावलांनी बत्तीस, सहा पावलांनी चौसष्ट, आणि पन्नास मधे कुठेतरी. म्हणजे साडेपाचच्या पुढे. बरोबर.

"काय करून राह्यल्या?" साहेबांनी विचारलं.

"पाऊल मोजून राह्यले."

"किती?"

"नव्याण्णव," मी म्हटलं. "मोहापर्यंत नव्याण्णव. चालून पाहा."

"मी काऊन चालू? माही पावलं बाह्यत्तर होतीन." हे त्यांनी एका क्षणात सांगितलं, पेन न काढता. चाळीस वर्षं ते पाया बदलत आले होते आणि त्यांनी लॉगचं नाव ऐकलं नव्हतं.

पुढचे नऊ दिवस मी घोकणं बंद केलं. ऑफिसात एकदम शांतता झाली, मोठ्या बाबूंनी तब्येतीची चौकशी केली. घोकण्याच्या जागी मी एक वेगळी शिस्त लावली. लॉगचा पाया बदलायचा प्रश्न आला की पेन खाली ठेवायचं, जागेवरून उठायचं आणि पाऊल टाकत उत्तर कुठल्या दोन आकड्यांच्या मधे येणार ते आधी बोलायचं. तीनच्या पायानं शंभरपर्यंत: तीन, नऊ, सत्तावीस, एक्क्याऐंशी, पुढे दोनशे त्रेचाळीस, चार पावलं आणि थोडं. मग बसायचं आणि भाग द्यायचा. ज्या उत्तराला मी आधी पावलांनी शिवून आले नाही ते लिहायचं नाही. हाताला दुसरं काही शिकवता येत नव्हतं, पण पायाला शिकवता आलं, आणि पाय पुढे गेले की हात गुमान मागे येतो.

परीक्षेला उटनूरची पहिली बस धरली. पेपर हातात आला. तो प्रश्न सहाव्या क्रमांकावर होता, फक्त या वेळी जंतू तासाला तिप्पट होत होता आणि वीसपट व्हायला किती तास ते विचारलं होतं. परीक्षेत उठता येत नाही. मी बाकाखाली चप्पल काढली आणि बसल्या बसल्या पाऊल टाकलं. तीन. दुसरं टाकलं. नऊ. तिसरं टाकलं. सत्तावीस, म्हणजे वीसच्या पुढे गेले. मागं आले. पुन्हा टाकलं.

पर्यवेक्षक माझ्या बाकाजवळ येऊन थांबले. वाकून बाकाखाली पाहिलं.

"बाई, पाय काऊन हलवून राह्यल्या?"

"मुंग्या आल्या सर."

"दोनी पायाले?"

"आळीपाळीनं येतात."

ते माझ्याकडे पाहत राहिले. मी अंमलदाराचा चेहरा लावला. ते पुढच्या बाकाकडे गेले, पण परत जाताना त्यांनी माझ्या चपलांच्या आत डोकावलं, चिठ्ठी आहे का पाहायला. चप्पल स्वच्छ होती.

दोन पावलं आणि तिसऱ्यात बराचसा भाग. ते मी आधी कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलं. मग वीसचा लॉग १.३०१०, तीनचा ०.४७७१, मधे रेघ. हात निघाला होता. खरंच सांगते, हात वजाबाकीकडे निघाला होता, शून्यातून एक वजा करायला पेनाचं टोक कागदाला टेकलंही होतं. मी तो डाव्या हातानं धरला. बाकावर दाबून धरला, मोजणीत साखळी ताठ धरतात तसा, आणि साधा भाग दिला, पाढे म्हणत, तिसरीतल्या पोरीसारखा. दोन पूर्णांक त्र्याहत्तर. दोन आणि तीनच्या मधे, तीनकडे झुकलेलं. मी ते दोनदा तपासलं आणि खाली दोन रेघा मारल्या, इतक्या जोरात की मागच्या पानावर उठल्या.

निकाल फोनवर आला, दुपारी, मी साहेबांसाठी पाणी नेत असताना. एकोणचाळीस. मी पाणी आत दिलं, बाहेर आले, स्टुलावर बसले आणि पुन्हा पाहिला. एकोणचाळीसच. मॅडमना फोन केला तर त्या म्हणाल्या, "अक्का, पचास गुना?" मी म्हटलं, साडेपाच तास आणि थोडे वर. तेवढंच बोलणं झालं, दोघींनाही पुरलं. मोठ्या बाबूंनी शोकसभेच्या आवाजात अभिनंदन केलं आणि फाइल पुढे सरकवली. तिला फिरून यायला पाच महिने लागले. ते पाच महिने मी खुर्ची पुसत होते, आता मात्र जरा वेगळ्या नजरेनं, तिचा डावा हात थोडा डुगडुगतो हे तेव्हाच कळलं.

हुकूम आला त्या सकाळी मी बसले. सगळे पाहत होते म्हणून ऐटीत बसले, साडीचा पदर वगैरे सावरून. खिडकीतून चांगलं ऊन येत होतं. आणि मग मी दाराकडे पाहिलं, सवयीनं, कोण आलं ते बघायला. माझं स्टूल दिसेना. मधे रेकॉर्डचं लोखंडी कपाट उभं. मान वाकडी केली, खुर्ची सरकवून पाहिली, तरी नाही. अठरा वर्षं मी ज्या जागी बसून या खुर्चीकडे पाहत होते, ती जागा या खुर्चीवरून दिसतच नव्हती. तिथून मला इथलं दिसायचं, कपाटाच्या कडेनं, स्टूल थोडं पुढे ओढून. जागेवरचं स्टूल इथून कुणाला कधी दिसलंच नसेल.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिस उघडायच्या वेळी आले आणि सर्वेअर साहेबांना हाताशी धरून कपाट सरकवायला घेतलं. जड होतं, आत निजामाच्या वेळची दफ्तरं आहेत. ते धापा टाकत होते.

"काऊन सरकवून राह्यल्या आता? बसा ना खुर्चीवर सुखानं."

"मोजणीत आडवं येत होतं."

"किती सरकवाचं?"

मी खुर्चीवर जाऊन बसले, स्टुलाकडे पाहिलं, उठले आणि भिंतीकडे पाऊल टाकलं.

"माही दोन पावलं," मी म्हटलं. "तुमची दीडच्या आत होतीन. लावा जोर."

स्टुलावर अजून कुणी आलेलं नाही. जागा भरायची फाइल माझ्याच टेबलावर आहे.